आमेनसाठी थांबणारे मास्तर

पाटोळे मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते काहीच करत नव्हते. मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी बुऱ्हाणपुरास नुकतीच आले होते. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात शिरले तर सगळे चिडीचूप. हातात प्रार्थनापुस्तक घेऊन एक गृहस्थ उभे, आणि समोर जसोंडी-फोपनारच्या खेड्यांकडची मंडळी माना खाली घालून बसलेली. मला वाटले, कुणीतरी गेले. शेजारच्या बाईंनी कानात सांगितले, “आमेन म्हनाचं राह्यलं. म्हनल्याबिगर मास्तर पुढं जात नाही.”

मास्तर त्या वेळी लालबागच्या स्टेशनावर तारबाबू होते आणि आमच्या मंडळीचे वाचक. पाद्रीसाहेब खंडव्याला राहत आणि वर्षातून क्वचित इकडे फिरकत. एरवी प्रार्थना चालवायची ती वाचकांनी. बिशपसाहेबांनी वाचकांना नेमून दिलेले काम असे: प्रार्थना म्हणायची, शास्त्रपाठ वाचायचा, मयताला माती द्यायची. प्रभुभोजनाची भाकर मोडायची नाही, आशीर्वादाला हात उचलायचा नाही. ही मर्यादा मास्तरांनी कधी ओलांडली नाही, आणि मंडळीच्या वाट्याची उत्तरे कधी स्वतः म्हटली नाहीत.

एकदा फोपनारच्या एका म्हाताऱ्याने वैतागून म्हटले, “मास्तर, आमच्याबी वाटचं तुमीच बोलून टाका ना. देवाले का फरक पडते?”

“देवाला पडत नसेल. तुम्हाला पडतो,” मास्तर म्हणाले. “माझं मी वाचलं. तुमचं तुम्ही म्हणा.”

कचेरीच्या दारात ज्यांना तोंड उघडण्याची सोय नव्हती, ती माणसे मास्तरांच्या या हट्टापायी मोठ्याने बोलायला शिकली. मास्तरांचा गौरव करायचा तर मी एवढ्याचसाठी करीन. पुढचेही मी लिहिणार आहे. मास्तरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात गोड तेवढे लिहावे हे मला कळते, पण मास्तरांनीच आम्हाला खोटी प्रार्थना म्हणू नका असे शिकवले आहे.

जसोंडीच्या चंद्राबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांनी प्रभुभोजन मागितले. मास्तरांनी खंडव्याला तार केली. पाद्रीसाहेब दौऱ्यावर होते. मास्तर बैलगाडीने जसोंडीस गेले, मी बरोबर होते. चंद्राबाईंचा मुलगा शांतवन भाकरीचा तुकडा ताटलीत घेऊन दाराशीच उभा होता.

“तुमीच द्या, मास्तर. पाद्रीसाहेबाले मायनं दोनदा पाह्यलं असन. तुमाले ती दर रविवारी पाहते.”

मास्तरांनी ती ताटली खाली ठेवली. मग चंद्राबाईंचा हात हातात धरून, जेवढे वाचकाने म्हणायचे तेवढे सगळे म्हटले. चंद्राबाई शेवटपर्यंत ताटलीकडे बघत होत्या. त्या गेल्यावर मास्तरांनीच माती दिली. शांतवन त्यानंतर देवळात आला नाही, आणि त्याच्या आळीतली घरेही हळूहळू यायची थांबली.

मला मास्तरांचे ते वागणे तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. माती देऊन परतताना मी तसे तोंडावर बोलले. ते म्हणाले, “बाई, तुमचं खरं असेल. पण जे माझ्या हातात कुणी दिलंच नाही, ते मी दुसऱ्याच्या हातात काय ठेवू?” आणि गाडीत सगळ्यांसमोर रडले. त्या आठवड्यापासून पुढे कितीतरी दिवस ते शांतवनच्या घरी जाऊन, त्याने पाठ फिरवलेली असताना, ओसरीवर बसून येत.

आता मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वाचायला येणारी तरणी माणसे भुसावळला रेल्वेत गेली. मागे उरलेल्यांत प्रार्थनापुस्तक न अडखळता वाचणारी मी एकटी. म्हणून मी पहिल्या बाकावर बसते आणि मास्तर अडले की हळूच शब्द पुरवते. मास्तरांनी पाद्रीसाहेबांना माझ्यासाठी विनंती केली, “बाईंना वाचक करा.” उत्तर आले की स्त्रियांना ही परवानगी देता येत नाही. मी मुलींना वाचायला शिकवते, त्यांच्या आयांनाही शिकवते. देवापुढे मात्र पुटपुटायचे. मास्तरांनी माझी क्षमा मागितली, पण वाचकाच्या मेजापाशी मला उभे केले नाही. तसे ते करणारही नव्हते.

गेल्या रविवारी स्तोत्राच्या मध्येच मास्तर थांबले. त्यांना पुढचे आठवेना, आणि खोकल्याची उबळ आल्याने मलाही शब्द देता येईना. मंडळीला वाटले, आपली पाळी आली. सगळ्यांनी एका सुरात “आमेन” म्हटले. अर्धेच स्तोत्र झाले होते. मास्तरांनी माझ्या दिशेने मान वळवली, थोडे हसले आणि पुस्तक मिटले. मंडळी उठून घरी गेली. कुणाला काही वावगे वाटले नाही, याचेच मला फार वाईट वाटले. मास्तरांच्या मागे हे देऊळ बंद पडणार, हे मला त्या दिवशी कळून चुकले. कुणी ते पाडणार नाही, कुणाला राग येणार नाही; नुसते कुलूप लागेल.

आज मास्तरांनी पंच्याहत्तरी पूर्ण केली. त्यांना दीर्घायुष्य लाभावे, हे मी मनापासून मागते, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातल्या कुणा ना कुणाला त्यांनी माती दिली आहे. त्यांची वेळ येईल तेव्हा पाद्रीसाहेब दौऱ्यावरच असतील. मी वाट पाहणार नाही. पुस्तक उघडून मी कबरीच्या डोक्याशी उभी राहीन आणि वाचीन. ज्यांनी आपल्याला न दिलेल्या कामाला जन्मभर हात लावला नाही, त्यांच्याच मातीवर मला न दिलेले काम करावे लागू नये, म्हणून परमेश्वराने मास्तरांना उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे.