मोठ्यांच्या रांगेत

भाऊ आणि वहिनी गेले तेव्हा त्यांचा मुलगा तीन वर्षांचा होता. एचआयव्ही त्याला जन्मापासूनच. लालबागच्या खोलीत ब्लाउज शिवून मी त्याला वाढवलं. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, त्याचं मला सोयरसुतक नाही.

परळच्या इस्पितळातला मुलांचा विभाग म्हणजे त्याचं माहेर. तिथल्या सिस्टर आधी परीक्षेचे मार्क विचारायच्या, मग वजन करायच्या. त्याला अठरा पूर्ण झाली तेव्हा त्यांनीच पेढा भरवला. "चला, आता सासरी नांदायला," म्हणाल्या. आम्ही सगळेच हसलो.

सासर, म्हणजे मोठ्यांचा विभाग, दोनच मजले वर होतं. तिथे मला दारातच थांबवलं. मुलगा सज्ञान आहे, आत एकटाच येईल. नियम बरोबरच असेल, पण मला तो झोंबला. रांगेतल्या एकाने त्याला सलगीने विचारलं, "काय रे, एवढ्यात कुठे शेण खाऊन आलास?" ज्याने अजून एका मुलीशी धड बोलून पाहिलं नाही, त्याला हे! मी त्या माणसाची खरडपट्टी काढणार, तर पोराने माझा दंड धरला.

"आते, तू येत जाऊ नको आता. माझं मी बघतो."

बघतो म्हणजे काय ते पुढे कळलं. इस्पितळाच्या दिवशी हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा. खोकला हटेना, गालफडं बसली, तेव्हा मी त्याचं कपाट उपसलं. पहिल्याच दिवशी मिळालेली गोळ्यांची बाटली तिथे होती, सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. मी धावत मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याला स्वतःला यायला हवं हो," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या त्या पाण्याचं मी काय करू?

घरी येऊन एक गोळी कुटली आणि पेजेत कालवली. पहिल्याच घोटाला तो थांबला.

"गोळी घातलीस?"

"नाही रे."

त्याने वाडगा हळूच खाली ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तो घरी जेवत नाही. बाहेर काय खातो देव जाणे. पाणीसुद्धा नळाखाली ओंजळ धरून पितो, मी भरून ठेवलेल्या पेल्यातलं नाही.