अज्ञात कलाकार, एकूण दोनशे चौदा

दुपारचे अडीच वाजलेत, पोटात वरणभात आहे आणि स्क्रीनवर प्रश्न: दोनशे चौदा फाइली कायमच्या पुसायच्या का? माझं बोट माउसवर आहे आणि डोळे मिटत चाललेत.

फाइली कुमुदआत्याच्या. सांगलीत चाळीस वर्षं ती गाण्याचा वर्ग चालवायची आणि प्रत्येक मुलाचं एक तरी गाणं कॅसेटवर धरून ठेवायची. गेल्या श्रावणात ती गेली आणि कॅसेटचं खोकं माझ्याकडे आलं. त्यांवर कुणाचंच नाव नाही, नुसता राग आणि साल. मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. गाणं संपलं की पुढे खुडबुड आणि बडबड असायची; ती न ऐकताच सगळ्या फाइलींमधून एका झटक्यात कापून टाकली. वा रे इंजिनिअर! नव्या फाइली नीटनेटक्या, एक ते दोनशे चौदा. कलाकाराच्या रकान्यात सॉफ्टवेअरनं आपणहून सगळीकडे ‘अज्ञात’ भरलं. मूळ लांबड्या फाइली आता कचऱ्याच्या टोपलीत आहेत, कारण डिस्क भरत आली आहे.

पण पाच वाजता निलोफर येणार आहे. लहानपणी ती आत्याकडे शिकायची. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिचा आवाज गेला तो गेलाच. फोनवर तिची मुलगी बोलली, “आईनं लिहून दिलंय, भूप होता म्हणून. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय.” भूप गाणाऱ्या मुली एकोणीस आहेत. निलोफर ओळखेल की स्वतःला, असं माझी बायको वृंदा म्हणते. पण दहा वर्षांच्या पोरी मला तरी सगळ्या सारख्याच वाटतात, आणि चुकून दुसरीचाच आवाज त्या मुलीनं आईचा म्हणून जपला तर?

माउस गार लागतो. पेटीच्या पट्टीसारखा. खाली बघतो, तर पेटीच आहे.

“भाता नीट मार की रे शिऱ्या.”

आत्या समोर सतरंजीवर बसली आहे. चष्म्याला तोच काळा दोरा.

“आत्या, तू तर...”

“गेले, होय. म्हणून काय बोलायचं नाही?”

मला इतका आनंद होतो की मी भाता सोडून देतो आणि पेटी तशीच वाजत राहते. सतरंजी लांबत लांबत जाते. ती एसटी स्टँडचा फलाट आहे. फलाटावर आत्याचा अख्खा वर्ग रांगेत उभा आहे, वेण्या, हाफ चड्ड्या, दप्तरं, आणि प्रत्येकाच्या छातीवर चिठ्ठी चिकटवलेली: अज्ञात. अज्ञात. अज्ञात.

“हे कुणी लिहिलं?” आत्याचा आवाज चढतो.

“सॉफ्टवेअरनं.”

“त्याला माझ्याकडे पाठव. चार दिवस नुसता सा लावायला बसवते.”

“मग तू का नाही लिहिलीस नावं?”

“लिहायची कशाला? गाणं झाल्यावर मी काय करायची, सांग की.”

मला आठवत नाही. रांगेतली पोरं एकदम उजवा हात पुढे करतात, तळवा वर. आणि मला आठवतं. “खडीसाखर! खडीसाखर द्यायचीस!”

“मुकाट्यानं?”

नाही. मुकाट्यानं कधीच नाही. ती आधी पूर्ण नाव घ्यायची, बापाच्या नावासकट. नाव घेतल्याशिवाय गाणं पुरं होत नाही, असा तिचा नियम होता.

“आत्या, टेप कधी बंद करायचीस?”

“साखर तोंडात गेल्यावर.”

मी उडीच मारतो. म्हणजे मी बडबड कापली नाही, नावं कापली! सगळ्यांची! मी हसतोय की रडतोय मला कळत नाही, आत्या मात्र खुदुखुदु हसते आहे.

“आणि एकशे बारा नंबर तेवढा ऐक.”

“तो? कोण बेसूर रेकतंय त्यात! तो मी कुणालाच देणार नाही.”

“तूच आहेस तो.”

स्टँडवरचा भोंगा खरखरतो. लक्ष द्या, दोनशे चौदा फाइली कायमच्या पुसायच्या का? सगळी पोरं माझ्याकडे बघतात. माझं बोट बटणावर आहे आणि ते उचलत नाही. मी जीव खाऊन ओढतो, तरी उचलत नाही.

“शिरीष वामन खाडिलकर,” आत्या म्हणते, अगदी सावकाश. “हात पुढे कर.”

मी तळवा वर करतो.

चार वाजून दहा मिनिटं. टेबलावर डोकं, मानेला रग. स्क्रीनवर प्रश्न तसाच आहे. माझा उजवा हात माउसपासून वीतभर लांब आहे, तळवा वर. मी ‘नाही’ दाबतो, दोनदा दाबतो, आणि टोपलीतल्या फाइली परत काढतो. भूप, भूप, भूप. गाणी ऐकत नाही, शेवटच ऐकतो. सुनंदा. मीनल. छाया. वृंदा दारातून विचारते, “काय झालं एवढं?” मी हातानंच तिला बोलावतो.

अकरावी फाइल. तानपुरा थांबतो, डबीचं झाकण वाजतं आणि आत्या बोलते, “निलोफर दस्तगीर मुल्ला. हात पुढे कर.” एक चिमुकला आवाज म्हणतो, “अजून एक द्या की बाई.” मग कुडुम, आणि खटका.

वृंदा डोळे पुसते. मी ‘अज्ञात’ खोडून नाव लिहायला घेतो, पण बोटं बटणांना चिकटतात. तळव्याला पांढरा खडा चिकटलेला आहे, अर्धा विरघळलेला. मला मधुमेह आहे, घरात साखरेचा दाणा नसतो. खडा तोंडात टाकतो आणि चिकट बोटांनी एकेक अक्षर लिहितो: निलोफर दस्तगीर मुल्ला.