घारीशी भांडण: माझगावची टेकडी ते खोताची वाडी

माझ्या ताईला घारीने मारलं, म्हणून आम्ही दोघी पक्षी बघायला गेलो.

ताई घोडपदेवच्या चाळीत राहते, मी दादरला. भावोजी गेल्यापासून ती फारशी बाहेर पडत नाही. मुलगा शिरीष नोकरीसाठी पुण्याला. गच्चीत वाळवण घालायचं, शेजारणींशी बोलत बसायचं, एवढाच तिचा विरंगुळा. यंदा मागच्या पिंपळावर घारीने घरटं केलं आणि ताई पापड्या उलटत असताना मागून येऊन तिच्या डोक्यावर नखं ओढली. जखम वरवरची होती, पण ताईने गच्चीच सोडली. चाळीचे सेक्रेटरी सावंतभाऊ हळहळले. घरटं उतरवायला सोमवारी माणूस बोलवायचं ठरलं. आग्रह ताईचाच होता.

मला ते बरं वाटत नव्हतं, पण तिच्याशी वाद कोण घालणार? तेवढ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने मेलनी मिसबद्दल सांगितलं. मिस माझगावच्याच, शाळेत शिकवतात आणि रविवारी हौसेने लोकांना आसपासचे पक्षी दाखवतात, तेही फुकट. ताईला म्हटलं, चल, निदान फिरणं होईल.

"घार सोडून काहीही दाखव," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी घोडपदेवहून टॅक्सीने माझगावच्या टेकडीवरच्या बागेत पोचलो. जाणार असाल तर उन्हं चढायच्या आत पोचा. पाणी आणि टोपी जवळ ठेवा. दुर्बीण नसली तरी चालतं, मिसकडे जास्तीची असते. वरून एकीकडे गोदीच्या क्रेन दिसतात, दुसरीकडे नुसती छपरं. इतकी झाडं या भागात असतील असं मला वाटलंच नव्हतं.

मिसनी आधी आम्हाला गप्प उभं केलं. "डोळे नंतर. पहिले कान." मग टुक टुक टुक असा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. तो तांबट. हिरवा, कपाळावर लाल टिळा, चिमणीपेक्षा थोडा मोठा. हा आवाज मी जन्मभर ऐकला होता आणि कुठेतरी भांडी ठोकतायत असं समजत होते.

बागेच्या कठड्याखाली एक मोठं झाड आहे. मिसनी दुर्बीण ताईच्या हातात दिली आणि खाली बघायला सांगितलं. ताईने बघितलं आणि दुर्बीण लगेच खाली केली.

"घार आहे ही."

"हो. पण आपण वर आहोत ना, ती काही करणार नाही. बघा जरा."

ताईने पुन्हा डोळ्याला लावली. घरट्यात पांढुरकं पिल्लू होतं. ऊन थेट घरट्यात येत होतं आणि घार पंख अर्धे पसरून त्याच्यावर सावली धरून उभी होती. तिची चोच उघडी होती, धापा टाकत होती. जागची मात्र हलत नव्हती.

"नर कुठंय?" ताईने विचारलं.

"तो खायला आणतो."

"आणि नाहीच आला तर?"

मिस म्हणाल्या, "मग तिला एकटीलाच सगळं करावं लागतं. कधी जमतं, कधी नाही."

ताई बराच वेळ दुर्बीण सोडेना. मागे लोक थांबले होते, पण मिसनी कुणाला घाई करू दिली नाही.

तिथून बसने गिरगावला. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांच्या, रंगीत खिडक्यांच्या घरांमधून हळू चाला. लोक राहतात तिथे, फोटो विचारूनच काढा. एका व्हरांड्यात कपड्यांच्या तारेला शिंजीर पक्ष्याचं इवलंसं घरटं लटकत होतं आणि घरातल्या काकांनी धुतलेले कपडे खुर्च्यांवर पसरले होते. "थोडे दिवस अडचण होते, बाकी काय," ते म्हणाले. शेवटी गिरगावात कोथिंबीरवडी आणि पीयूष. ताईने वडी संपवता संपवता मिसना विचारलं, पिल्लं उडायला किती वेळ लागतो. मिस म्हणाल्या, दीडेक महिना. पिल्लं असताना घरटं काढणं कायद्यानेही चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी चाळीत शिरतानाच ताईने सावंतभाऊंना गाठलं.

"उद्याच्या माणसाला नको म्हणून सांगा."

"वहिनी, तुम्हीच तर मागे लागला होता."

"होते. आता नको म्हणतेय."

"आणि परत मारलं म्हणजे?"

"पोरं उडेपर्यंत गच्चीत छत्री घेऊन जायचं. मी सगळ्या बायकांना सांगते."

सावंतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईच्या मागोमाग जिना चढले.

घरी येऊन चहा टाकताना ताई एकदम म्हणाली, "हे गेले तेव्हा शिरीष बारावीला होता. तेव्हा कुणाशी धड बोलायचे नाही मी. जो येईल त्याच्या अंगावर जायचे." त्या दिवसांबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. चहा उकळून आटला, तरी आम्ही बोलतच होतो.

पिंपळावरच्या घारीचं एक पिल्लू जगलं नाही, दुसरं उडालं. ताई ते दिवसेंदिवस खिडकीतून बघत होती. प्रवास म्हणावा तर हा दादरपासून गिरगावपर्यंतचा, एका दिवसाचा. मी तिला घराबाहेर काढायला नेलं होतं. आता रविवारी उजाडायच्या आत तिचा फोन येतो, "मंजू, उठलीस का? मिस वाट बघतायत." आणि मला खरंच अजून झोपायचं असतं.