आधी लेन्स ठरू दे

माझ्या थोरल्या साडूंइतके कॅमेरे हाताळून इतके कमी फोटो काढणारा माणूस उभ्या सांगली-सातारा पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. बटण ते दिवसभर दाबतात. पण त्याला ते फोटो म्हणत नाहीत, ‘टेस्ट’ म्हणतात. फोटो काढायचा तो लेन्स ठरल्यावर, आणि लेन्स काही ठरत नाही. एकीकडे प्राईम, म्हणजे एकाच अंतराची, जागची न हलणारी लेन्स. दुसरीकडे झूम, जी फिरवली की लांबचं जवळ येतं. या दोघींत खरी कुठली, या एका प्रश्नावर गृहस्थानं आपली सगळी दुपारची झोप वाहिली आहे. माणसं मोक्षाचासुद्धा इतका कसून विचार करत नाहीत, आणि जी करतात ती निदान घरी आलेल्या पाहुण्याला त्यात ओढत नाहीत.

सांगलीच्या बाजारात त्यांची हळदीची अडत आहे. सौद्याच्या वेळी पोत्यात हात घालून ते एक हळकुंड काढतात, मोडतात आणि आतला रंग बघतात. वरून पिवळं सगळंच असतं, असं त्यांचं म्हणणं. हाच न्याय लेन्सला. ‘‘मधी काय, कुणीबी चांगलं दिसतंय. कोपऱ्यात बघा, पावणं,’’ असं ते मला पहिल्या भेटीत म्हणाले होते, आणि तेव्हापासून मी त्यांना फोटो दाखवायला भितो. माझ्या पुतणीच्या लग्नाचा एक फोटो मी मोठ्या कौतुकानं त्यांच्यापुढे धरला. नवरा-नवरी छान हसत होती. साडूंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डाव्या कोपऱ्यात वाढप्याची एक बादली होती, तिच्यावर दोन बोटं ठेवून त्यांनी ती ताटाएवढी केली आणि दुःखानं सांगितलं, की बादलीची कडी विरघळली आहे.

मूळचे ते प्राईमचे भक्त. झूमवाला म्हणजे बसल्या जागी पाणी मागणारा माणूस. प्राईमवाल्याला उठून जावं लागतं, म्हणून त्याच्या फोटोत जीव असतो, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. ते लोणंदच्या एका लग्नात मोडलं. अक्षता पडल्या, वधूवर व्यासपीठावर उभे राहिले, आणि साडू हॉलच्या दुसऱ्या टोकाला. प्राईम असल्यामुळे चालत जाणं भाग होतं, आणि मध्ये पंगत बसलेली. पंगतीतून वाट काढणारा पाहुणा दिसल्यावर यजमान काय करणार? त्यांनी हाताला धरून बसवलं. जिलबीचा आग्रह झाला. साडू जेवून उठले तेव्हा वधूवर जेवायला बसले होते. पुढच्याच आठवड्यात झूम आली. महिन्याभरात तिच्यातही खोट निघाली: फोटोच्या कडेला सरळ खांब बाक आल्यासारखे दिसतात. ‘‘सासऱ्याच्या घराचा खांब वाकडा दावती. असली लेन्स मी ठेवू?’’ असं त्यांनी मला फोन करून विचारलं. मी साताऱ्यात, तेव्हा फोन ठेवायची सोय होती.

खांब सासऱ्यांच्या घराचा होता, कारण टेस्ट तिथंच चालते. कवठे महांकाळजवळ आमची सासुरवाडी. मामा, म्हणजे आमचे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले. कॅमेरा दिसला की ते ताठ उभे राहतात आणि ‘झालं’ म्हणेपर्यंत पापणीही हलवत नाहीत. लेन्स तपासायला साडूंना अगदी असाच माणूस हवा होता. दर वेळी मामा त्याच जागी असावेत म्हणून त्यांनी अंगणात चुन्याची एक रेघ मारली. पाऊस तिला पुसतो, साडू पुन्हा मारतात. वर्षानुवर्षं मामा त्या रेघेवर उभे राहत आले आहेत. असंख्य फोटोंत ते आहेत. कधी डाव्या कोपऱ्यात, कधी उजव्या, कारण तपासायचा असतो कोपरा. फोटोच्या मधोमध बहुतेक वेळा गोठ्याची भिंत असते.

आमच्या मामींचं मागणं एकच होतं. दोघांचा मिळून एक फोटो. लग्न झालं तेव्हा मामा चार दिवसांच्या रजेवर आलेले, फोटोवाला यायच्या आत परत गेले. पुढं राहूनच गेलं. मामींनी हे थोरल्या जावयाला किती वेळा सांगितलं असेल. ‘‘मामी, आधी लेन्स ठरू दे,’’ हे उत्तरही ठरलेलं. त्यात हयगय नव्हती, उलट फार मोठा मान होता. साधासुधा फोटो त्यांना द्यायचा नव्हता.

यंदा सांगलीच्या डोळ्याच्या डॉक्टरनं मामींना काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून जपायची. मामींनी कसलीही तक्रार केली नाही. साडूंना एवढंच म्हणाल्या, ‘‘आता ठरवा, पावणं. मला दिसतंय तवर ठरवा.’’

साडूंनी त्याच पावली पुढचा रविवार ठरवला.

त्या रविवारी आम्ही सगळे पुन्हा अंगणात. साडूंनी दोन्ही लेन्सा आणल्या होत्या. मामा रेघेवर ताठ. मामी त्यांच्यामागे एक पाऊल, डोक्यावर पदर, अर्ध्या त्यांच्या खांद्याआड. प्राईमनं मामांच्या मिशीचा केस न केस टिपला आणि मामींना धुक्यात ढकललं. झूममध्ये मामी स्पष्ट आल्या, पण खांद्याबाहेर आलेल्या तेवढ्याच, अर्ध्या. मी म्हटलं, मामी, जरा पुढं या, शेजारी उभ्या राहा. त्यांनी पदर आणखी पुढं ओढला. ‘‘आवं, जावयांच्या म्होरं बरं दिसतंय का ते?’’ लेकींनी समजावलं, साडूंनी हात जोडले. बाई जागच्या हलल्या नाहीत. उन्हं उतरायला लागली.

शेवटी साडूंनी कॅमेरा खाली घेतला. ‘‘मामा,’’ ते म्हणाले, ‘‘तुमी सोच्छ येताय. मामी न्हाई येत.’’

हुकमाशिवाय कधी न हललेल्या मामांनी मान वळवून मागं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘‘मंग मीच मागं येतो की,’’ ते म्हणाले, आणि एक पाऊल मागं सरकले.

साडूंनी बटण दाबलं. एकदाच. टेस्ट केली नाही.

परतताना मी मुद्दाम विचारलं, शेवटी कॅमेऱ्यावर कुठली होती? प्राईम की झूम? ते म्हणाले, ‘‘बघितलंच न्हाई.’’

तो फोटो आता सोप्यातल्या भिंतीवर लावला आहे. मामींना तो डोळ्यांपाशी धरावा लागतो, आणि हल्ली तेवढ्यानंही भागत नाही. मागच्या खेपेला त्यांनी तो खाली काढून साडूंच्या हातात दिला आणि त्यात काय काय दिसतं ते सांगायला लावलं. साडू शेजारी बसले आणि खोडीप्रमाणे कोपऱ्यापासून सुरुवात केली.

‘‘खाली डावीकडं चुन्याची रेघ हाय, मामी. रिकामी हाय. जरा पुसट आलीया,’’ ते म्हणाले. मग फोटो थोडा लांब धरून पाहिला. ‘‘ऱ्हाऊ दे.’’