दुसऱ्याच्या कमठ्याचे तीर

कार्तिकातलं धुकं पावणे गावाच्या डोंगराला असं चिकटलं होतं की कातकरवाडीतल्या माणसाला शेजारचं खोपटं दिसत नव्हतं. खाली भाताची खाचरं, त्यापलीकडं मिठागरं, मग खाडी, सगळं गडप. हिरामण दारासमोर निखारे ओढून तीर शेकत बसला होता. धामणीच्या झाडाच्या फोकाचा तीर निखाऱ्यावरून फिरवायचा, तापला की गुडघ्यावर हलकाच दाबायचा, मग एक डोळा मिटून पात्यापासून पिसापर्यंत न्याहाळायचा. बाक दिसला की परत निखारा. खरं तर बाक कुठंच नव्हता. कालही नव्हता. तरी त्याचा जीव मानत नव्हता.

"किती भाजशील रं त्यांना? मासली नाय ती," सगुणा आतून म्हणाली. ती त्याची बायको; तिच्या जिभेला सकाळीसुद्धा धार असायची.

"तू तुजी चूल बघ."

"चूल बगतेच हाय. चुलीवर ठेवाया कायतरी आन, म्हंजे झालं."

हिरामण हसला नाही. दिवाळीच्या आधीपासून तो हसलाच नव्हता.

नवे पैसे चलनात आले तेच हे साल. त्याचा थोरला भाऊ बाळाराम पावण्यातल्या दादू पाटलाच्या भाताची राखण करायचा. दिवाळीच्या आधी एका सकाळी उजाडता उजाडता रानडुक्कर ओंब्यांत शिरलं. बाळारामानं कमठा ओढला, तीर सोडला. तीर डुकराच्या डाव्या अंगानं निघून गेला आणि बांधात रुतला. डुक्कर मात्र सरळ आलं. मांडी फाटली ती फाटलीच. जखम भरली, पण गुडघा वाकेना. आता बाळाराम दारात पाय पसरून बसायचा आणि कोंबड्या हाकायचा.

तो तीर हिरामणाच्या हातचा होता. वाडीत तीर करावेत ते हिरामणानं, असं म्हणायचे लोक. लग्न ठरलेला गडीसुद्धा आधी त्याच्याकडं तीर मागायला यायचा. पण बाळारामाची बायको बायजा पाणवठ्यावर हंडा आपटून म्हणाली, "दिराच्या वाकड्या तीरानं माजा नवरा लंगडा केला," आणि त्या दिवसापासून हिरामणाकडं कुणी तीर मागितला नाही. वर पाटलानं राखण त्यालाच सांगितली. "भावाचा पाय घेतला, आता भावाची राखन घेतली," हे बायजाचं पुढचं बोलणं. हिरामणाला ते झोंबलं, पण त्याहून एक गोष्ट त्याला आत कुरतडत होती. तीर खरंच वाकडा होता का? बाळारामाचा पाय आपणच घेतला का?

धुकं जरा फाटलं तसा तो उठला. परसात केळीचा खुंट रोवला होता. आपला कमठा घेऊन त्यानं बाळारामासाठी केलेल्या, माळ्यावरून परत आणलेल्या जुडीतला एक तीर सोडला. खुंटाच्या मधोमध. दुसरा सोडला, तोही तिथंच. "आता काय म्हनशील, वैनी?" तो केळीलाच म्हणाला, आणि ते तीर घेऊन राखणीला उतरला.

पाटलाच्या शेतातल्या माळ्यावर बाळारामाचा कमठा तसाच लटकत होता. त्या सकाळपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. हिरामणही रोज त्याच्याकडं पाठ करून बसायचा. आज मात्र त्यानं तो खाली काढला, दोरी चढवली आणि ओढून पाहिला. दोरी फारच सहज मागं आली. बाळारामाचा कमठा कसला, वाडीतल्या निम्म्या गड्यांना तो कानापर्यंत ओढवत नसे! हिरामणानं बांधावरच्या वारुळाचा नेम धरला. तीर डावीकडं गेला. दुसरा धरला, तोही डावीकडं, जणू वारुळाला वळसा घालून. केळीच्या खुंटात बसलेलेच हे तीर.

त्यानं कमठा उन्हात धरला. बांबूच्या पोटाला, मुठीच्या वर आणि खाली, पांढरट ओरखडे होते. काचेनं तासल्याचे. कमठा मऊ केलेला होता. मऊ कमठ्याला ताठ तीर चालत नाही; सुटताना तो कमठ्याला बगल द्यायला लवत नाही आणि अंग टाकून बाजूला जातो. तीर वाकडा नव्हता. हिरामणाला इतकं हलकं वाटलं की तो कमठा खांद्याला मारून तसाच वाडीवर निघाला, शेत उघडं टाकून.

बाळाराम दारातच होता. भावाच्या खांद्यावरचा कमठा पाहून त्याचा चेहरा पडला.

"दादा, ह्यो कोनी ताशिला?"

बाळारामानं पायाशी आलेली कोंबडी हाकली. मग हळूच म्हणाला, "मीच. पावसाच्या आधी मिठाच्या पाट्या वाहिल्या नं, तवापासून खांदा गेला. वर उचलवत नव्हता. कमठा ओढंना, मग बाटलीची काच घेतली."

"आनि मना नाय सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर हिला कललं असतं. हिनं राखनीला जाऊ दिलं नसतं. खांदा बरा हाय म्हनून मी शपथ घेतली व्हती हिची." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "गप ऱ्हा, हिरामन. पाय तर गेलाच. आता घरात तोंड तरी ऱ्हाऊ दे मना."

हिरामण गप्प राहिलाही असता. पण तेवढ्यात बायजा डोक्यावर लाकडं घेऊन आली आणि कमठा बघून तिथंच थबकली.

"आता ह्योबी नेतोस का घरी? ने. पायबी ने तेचा, काय कामाचा ऱ्हायला?"

"वैनी, तोंड सांबाल," हिरामणाचा तोल सुटला. "माजा तीर सरल हाय. तुज्या नवऱ्यानं कमठा ताशिलाय काचेनं. खांदा गेला व्हता तेचा. इचार त्याला!"

बायजानं लाकडं खाली टाकली. नवऱ्याकडं पाहिलं. बाळारामानं मान वर केली नाही, तेवढ्यावर तिला कळलं. ती रडेल, नवऱ्यावर धावून जाईल, असं हिरामणाला वाटलं होतं. तिनं फक्त कमठा त्याच्या हातातून घेतला आणि ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"तीर दिलेस तवा कुनाच्या कमठ्यावर मारून बगितलेस?" तिनं विचारलं.

 तीर घरी सरळ करावा, पण जुळवायचा तो ज्याच्या त्याच्या कमठ्यावर, ही त्यांच्यातली रीतच. बायजा तीर करणाऱ्याची लेक. तिला काय सांगायचं? त्या दिवशी बाळाराम शेतावर होता, कमठाही तिथंच. डोंगर उतरून परत चढायचा हिरामणाला कंटाळा आला होता. भावाचा कमठा काय, आपल्यासारखाच, असं म्हणून त्यानं आपल्याच कमठ्यावर दोन तीर मारले आणि जुडी बांधून धाडून दिली.

"माज्याच," तो म्हणाला.

"तेच्यावर मारला असतास तर तवाच कललं असतं तुला."

"व्हय."

"मनाबी कललं असतं. मी कोंडून घातलं असतं याला घरात."

तिचा आवाज चढला नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "तुजं मी मागनं बगते," आणि कमठा कुडाला टेकवून लाकडं आत नेऊ लागली. बाळारामानं भावाला बस म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.  बारीक फोकांचे, या मऊ कमठ्याला जुळणारे नवे तीर करून देतो, असं हिरामणाच्या ओठांवर आलं होतं. न वाकणारा तो पाय बघून ते आतच राहिलं.

खालून ओरडा ऐकू आला. पाटील बांधावर उभा राहून हात नाचवत होता. राघूंचा थवा पिकल्या भातावर उतरला होता. हिरामण पायवाटेनं धावत सुटला. बांधावर पोचताच त्यानं दोन ढेकळं उचलली, कमरेची गोफण सोडवली आणि "हाऽऽ, हुर्रऽऽ" करत राघू उठवायला लागला.