इस्माईलभाईंचं गिरमिट

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं, अशी आमच्या शारजातल्या मराठी मंडळींत रीतच आहे. इस्माईलभाई पाऊण वजा करायचे. ‘जोशीचा वाघ म्हणजे फार तर मांजराचं पिल्लू,’ हा त्यांचा कायमचा दर. त्या सकाळी मी दुबई मरीनाच्या साइट ऑफिसात होतो. बाहेर इतक्या क्रेन उभ्या होत्या, की आभाळाला पाठ खाजवायची असती तर सोय झाली असती. मोबाइल वाजला. आमच्या बिल्डिंगमधल्या, वरच्या मजल्यावरच्या जुबेदाभाभी. ‘जोशी, हे गेले,’ एवढंच म्हणाल्या. मी आत येऊन सगळ्यांना सांगितलं, ‘इस्माईलभाई गेले.’ आणि खोलीभर माणसं चहाचे कप खाली ठेवून, हसू ओठांवर तयार ठेवून माझ्याकडे बघत बसली. ‘बरं, मग?’ एक जण म्हणाला. ‘पुढं काय झालं?’ ... पुढं काही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या गोष्टीला पुढं काही नव्हतं.

इस्माईलभाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. दुबईच्या देरा भागातल्या एका हत्यारांच्या दुकानात त्यांची हयात गेली. ड्रिल, करवती, पाने, पंप यांत ते इतके मुरले होते, की भाभी म्हणायच्या, यांना कापलं तर रक्ताच्या जागी ग्रीस निघेल. त्या दुकानात एक नियम होता आणि तो इस्माईलभाईंनी नमाजाइतक्या श्रद्धेनं पाळला. माल चालू करून बघितल्याशिवाय खोक्याला दोरी बांधायची नाही. बल्ब पेटवून द्यायचा, इस्त्री तापवून द्यायची, मिक्सर रिकामा का होईना गरगरवून द्यायचा. कारण गिऱ्हाईक ती वस्तू घेऊन गावाला जाणार, आणि गावाहून ती बदलायला कोण परत येणार? ‘जोशीबुवा, दोरी बांधली की खलास,’ ते म्हणायचे. ‘मग अल्ला जाणे आणि कस्टमवाला जाणे.’

ते स्वतः दोन वर्षांनी एकदा गावाला जायचे, तेही असंच एक खोकं घेऊन. खोक्याला नायलॉनची दोरी, चारी बाजूंना जाड मार्करनं नाव आणि गाव. फैसल, त्यांचा एकुलता एक, तेव्हा गावी आईजवळ वाढत होता. तो पाच वर्षांचा असतानाची गोष्ट इस्माईलभाई नेहमी सांगायचे आणि सांगताना हसायचे. ते रिक्षातून उतरले, पोरगं धावत आलं आणि सरळ खोक्याला मिठी मारली. भाभी म्हणाल्या, अरे, हे तुझे अब्बा. पोरानं आधी खोक्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणालं, ‘हां, ओळखलं.’ आम्ही सगळे हसायचो. मीही या गोष्टीला पुष्कळ मीठमसाला लावून ती गावभर फिरवली आहे. एकदाच, हसून झाल्यावर इस्माईलभाई हळूच म्हणाले होते, ‘पोरगा मला खोक्यानं ओळखतो रे, जोशी.’

पुढं भाभी आणि फैसल शारजाला आले. पोरगा इंग्रजी शाळेत गेला, बापानं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायला लागला, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला शिकून कॅनडाला निघून गेला. तिकडं बर्फाच्या मुलखात कुठल्याशा लहान गावात नोकरी. शुक्रवारी फोन यायचा. ‘हाय अब्बा, ऑल गुड, टेक केअर, बाय.’ इतका छोटा, की रिसिव्हर कानाला लागेपर्यंत संपलेला. आणि एका शुक्रवारी तो जरा जास्त बोलला. म्हणाला, तळं गोठलंय, आम्ही त्याला भोक पाडून मासे धरतो, माझ्याकडे हातानं फिरवायचं गिरमिट आहे, खांदा फार दुखतो. झालं! इस्माईलभाई चपला उलट्या घालून जिना उतरून माझ्याकडे आले. ‘जोशी, त्याचा खांदा दुखतोय!’ चेहरा असा, जसं पोरगं मेडिकलला पहिलं आलंय. ‘जन्मात कधी त्यानं मला काही दुखतंय म्हणून सांगितलं नाही. हत्यार कमी पडतंय त्याला. हत्यार, जोशी! मी काय तीस वर्षं भजी तळली?’

मग सुरू झाली निवड. सुनो, अशी निवड कुठल्या राजानं जावयाची केली नसेल. दुकानातून अमेरिकेचे कॅटलॉग आले. बर्फाचं पॉवर गिरमिट म्हणजे काय, तर वर इंजिन, खाली माणसाच्या छातीपर्यंत येईल असा पिळाचा लोखंडी दांडा आणि टोकाला पाती. बॅटरीवर चालणारं घ्यावं की पेट्रोलवरचं? इस्माईलभाईंनी एक बॅटरी भाभींच्या डीप फ्रीझरमध्ये सुरमई आणि मटणाच्या मधे झोपवली आणि दुसऱ्या दिवशी काढून बघितली. मेली होती. बॅटरी बाद. भोक आठ इंची की दहा? त्यांनी भाभींच्या हातातली सुरमई काढून घेतली आणि पोटाभोवती टेप लावला. ‘आठ इंचातून वर काढताना अडकेल. त्या थंडीत पोरगा ओढत बसणार?’ भाभी कोयता घेऊन उभ्याच. म्हणाल्या, ‘तुम्हाला मासा वर काढायचाय की मुलगा?’ त्यावर सुरमई परत देत इस्माईलभाई म्हणाले, ‘जो येईल तो.’

आणि सगळ्यांत मोठी अट दोरीची. इंजिन सुरू करायची दोरी पहिल्या झटक्यालाच लागली पाहिजे. कारण ते फैसलला नुसतं देऊन त्यांना परत यायचं नव्हतं. त्याच्या शेजारी बर्फावर बसून पहिलं भोक स्वतः पाडायचं होतं, आणि इस्माईलभाईंचं हृदय तोवर इतकं थकलं होतं, की डॉक्टरांनी त्यांना बरणीचं झाकण उघडायलाही मनाई केली होती. ‘एक झटका परवडेल,’ ते कॅटलॉगवर बोट ठेवून म्हणाले. ‘दुसऱ्याची गॅरंटी नाही.’ मी म्हटलं, ‘अहो, हे कॅनडात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं!’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘बापानं आणलेलं मिळतं का कोपऱ्यावर?’

मशीन बोटीनं आलं ते ऐन ऑगस्टमध्ये. उन्हात अंडं फोडलं तर ते डांबरावर पडायच्या आतच उकडून व्हायचं, आणि आम्ही निघालो शारजाच्या मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात, टेस्टिंगला. भाभी म्हणाल्या होत्या, नवं कोरं आहे, राहू द्या सीलबंद. पण दोरी बांधायच्या आधी माल चालू बघायचा नाही, असं इस्माईलभाईंच्या हातून कसं होणार? बर्फाच्या लाद्या एकावर एक रचल्या. त्यांनी टाकीत पेट्रोल-तेल ओतलं, ‘बिस्मिल्ला’ म्हणून दोरीला एक झटका दिला... आणि ते गरजलं! बर्फाचा असा फवारा उडाला, की सगळ्या मासळी बाजाराला हुडहुडी भरली. मल्याळी आले, पठाण आले, बंगाली आले, पलीकडच्या रस्त्यावर दोन उंट थांबले (हे उंट वजा करा). पठाण ओरडत होता, ‘यल्ला, यल्ला, चलो चाचा!’ भोक आरपार पडलं, गोल, गुळगुळीत. इस्माईलभाईंनी त्यात गळ सोडला, तर खालून कुणी तरी हळूच त्याला हामूर अडकवला. त्यांनी दोरी वर खेचली तेव्हा तो मासा दहा इंचांतून अलगद वर आला, शेपटीलासुद्धा धक्का न लागता. इस्माईलभाई ओल्या सदऱ्यानं उभे होते, डोक्यावर बर्फाचा चुरा, हातात हामूर. मी त्यांना इतकं आनंदात कधीच बघितलं नव्हतं. या वाक्यातलं काही वजा करू नका.

कॅनडाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. तिसऱ्या खेपेला, हिवाळ्यात, मिळाला, तोही फक्त त्यांना, भाभींना नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘जायचं तर आत्ता जा. उन्हाळ्यापर्यंत थांबू नका.’ मी डॉक्टरांसमोरच बसलो होतो. इतका थापाड्या मी, पण बाहेर आल्यावर त्या वाक्यावर मारायला मला एक थाप सुचली नाही. इस्माईलभाई मात्र खूष. ‘बरोबर बोलतात डॉक्टर. उन्हाळ्यात बर्फ कुठून आणायचा?’

एअरपोर्टवर खोकं पट्ट्यावर ठेवलं. दोरी, मार्करचं नाव, सगळं जागच्या जागी. काउंटरवरची मुलगी वाकली आणि तिनं नाक आक्रसलं. ‘सर, इसमें पेट्रोल है?’ टाकी ऑगस्टमध्येच रिकामी केली होती, पुसली होती, वाळवली होती. पण एकदा पेट्रोल प्यायलेलं इंजिन वास सोडत नाही, आणि वास आलेलं इंजिन विमानात चढत नाही. सीलबंद असतं तर बिनबोभाट गेलं असतं. इस्माईलभाई म्हणाले, ‘बेटी, टेस्टिंग किया था बस.’ सुपरवायझर आला, त्यानंही मान हलवली. मग इस्माईलभाईंनी खिशातून मोगऱ्याच्या अत्तराची कुपी काढली आणि सगळी त्या खोक्यावर उपडी केली. पेट्रोल पंपावर लग्न लागल्यासारखा वास सुटला. मागची रांग हसली. मीही हसलो असतो, पण ते अजून कुपी झटकून शेवटचा थेंब काढत होते.

‘तुम्ही जा,’ मी म्हटलं. ‘मी हे बोटीनं पाठवतो. शपथ घेतो.’

‘आणि दारात उभा राहून त्याला काय सांगू? मागून येतंय?’

‘अहो, तो काय आता पाच वर्षांचा आहे?’

‘मी रिकाम्या हातानं कधी त्याच्यासमोर गेलो नाही, जोशी. मला माहीत नाही कसं जायचं ते.’

भाभी पुढं आल्या. त्या बाईंना मी चारचौघांत आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. ‘फैसलच्या अब्बा, जा हो! मी हात जोडते. डॉक्टर काय म्हणाले? जा!’ मी त्यांचा दंड धरला, अक्षरशः ढकललं, पासपोर्ट हातात कोंबला. ते त्या खोक्यावर बसले. भर गर्दीत, ट्रॉल्यांच्या मधोमध, दहा इंची गिरमिटावर मांडी घालून बसले आणि काउंटर बंद व्हायची वाट बघू लागले. विमान समोर, मुलगा पलीकडे, आणि हा माणूस जागचा हलेना... मुलीनं पाटी फिरवली. ‘खलास, सर. सॉरी.’ तिकीट आठवडाभरानं पुढं ढकललं.

तो आठवडा त्यांनी बाल्कनीत काढला. अत्तर आत झिरपून माखलेलं मशीन उघडून साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं, पात्यांपासून टाकीपर्यंत उन्हात मांडलं. ऊन सरकेल तसे सुटे भाग सरकवत ते शेजारी बसून राहायचे. भाभी गोळ्या घेऊन मागं, हे टाकी हुंगत पुढं. मी ऑफिसला निघालो, की जिन्यातून हाक यायची, ‘जोशी, वर ये, वास घेऊन सांग.’ शेवटच्या सकाळीही तशीच हाक आली. मी गेलो. टाकी नाकाशी धरली. ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसे आपण रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरकडे बघतो.

‘छे! पेट्रोल? नावालाही नाही,’ मी म्हटलं. ‘नुसता मोगरा. पायलटची बायको केसांत माळेल.’

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग हसले. ‘पाऊण वजा केलं, जोशीबुवा... म्हणजे येतोय अजून.’ आणि त्यांनी टाकी माझ्या हातातून घेऊन पुन्हा उन्हात ठेवली. मी मरीनाला पोचून चहा घेत होतो तेव्हा भाभींचा फोन आला. ते बाल्कनीतच होते. हातात पुसायचं फडकं होतं.

फैसल आला. उंच, दाढीवाला, खांदे बापासारखे. शारजाच्या कब्रस्तानात माती देऊन झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सुरमईसकट. तो ऐकत राहिला आणि इंग्रजीत एकच वाक्य म्हणाला, ‘ही शुड हॅव जस्ट कम, अंकल.’ मग पुन्हा, ‘जस्ट कम.’ निघायच्या दिवशी मी विचारलं, मशीनचं काय करायचं? तो बाल्कनीत जाऊन त्याच्याजवळ उभा राहिला, दोरीच्या मुठीवरून एकदा हात फिरवला, ओढली नाही. ‘इट वोन्ट गो, अंकल,’ म्हणाला. मग कोपऱ्यात उभं केलेलं खोकं त्यानं उचललं, बापाच्या अक्षरातल्या नावावर तळहात ठेवला आणि कित्येक वर्षांत मी त्याच्या तोंडून न ऐकलेल्या मराठीत विचारलं, ‘हे मी नेऊ का?’ खोकं उलगडून त्यानं सपाट केलं, नीट घडी घातली, त्याच नायलॉनच्या दोरीनं बांधलं आणि काखेत घेऊन विमानात चढला.

मशीन आता माझ्याकडे आहे. भाभी गावी जायच्या आधी खाली ठेवून गेल्या. लोक विचारतात, हे काय? मी कुणाला सांगतो विहीर खोदायला आणलंय, कुणाला सांगतो याच्यानंच इथलं तेल सापडलं. परवा एकटाच होतो, सुटे भाग जोडले, थोडं पेट्रोल-तेल घातलं आणि दोरीला झटका दिला. पहिल्याच झटक्याला लागलं. कापायला समोर काहीच नव्हतं, पाती नुसती हवेत फिरत राहिली आणि मला ते बंद करवेना. आता मार्चचं ऊन चढायला लागलंय. दुपारी बाल्कनीचं दार उघडलं, की पेट्रोल आणि मोगरा एकदम घरात येतात, आणि मी वास घेऊन मोठ्यानं सांगतो, ‘येतोय, इस्माईलभाई.’ जसा आहे तसा सांगतो. वजा करणारं आता कुणी उरलेलं नाही.