दोघींची गाडी, आजीची कड

तुमच्या घरात कडेवर कोण बसतं, आणि ‘आता तू मोठी झालीस’ म्हणून चालायला कोणाला लावलं जातं?

माझ्या सासरी हा प्रश्न विचारणारी मी एकटीच होते. माझे बाबा आठवडी बाजारात पत्रकं वाटायचे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. अजूनही अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी ठळक अक्षरांतला मथळा तयार होतो. पण दुसरी मुलगी झाल्यावर मला जे जाळत होतं, त्यावर बाबांनी कधी पत्रक काढलं नव्हतं. मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटत होता.

तिचा मुलगा माझ्या मोठीपेक्षा जेमतेम काही महिन्यांनी लहान. मोठी म्हणजे तरी काय, दोन वर्षांची. रोज संध्याकाळी आम्ही सगळ्या अल्लीपूरच्या दुसऱ्या टोकाला, सासूबाईंच्या बहिणीकडे, म्हणजे मावशींकडे, जायचो. पुढे सासूबाई, त्यांच्या कडेवर नातू. त्यांच्या मागे जाऊ, भाजलेले शेंगदाणे सोलत. तिचे ते दोन मोकळे हात मी सगळी वाट बघत राहायचे. सगळ्यांत मागे मी. तान्ही छातीशी, दुपट्यांची पिशवी खांद्याला, आणि माझा कुर्ता धरून चालणारी मोठी. अर्ध्या वाटेत ती रस्त्यातच बसायची.

“आजी, मले घे.”

“तुले काऊन घेऊ? तुले पाय देले ना देवानं.”

“त्याले नाई देले का?” मी विचारायचे.

“त्याचे कवळे हायेत अजून,” सासूबाई म्हणायच्या. जाऊ हसून शेंगदाण्याचं टरफल फुंकायची.

मोठी मग आजीच्या पाठीकडे बघायची. आजीच्या खांद्यावरून भाऊ तिच्याकडे बघायचा, राजासारखा. दोन वर्षंही पुरी न झालेल्या पोराला कोणी राजासारखं म्हणू नये हे मला कळतं. पण तो तसाच बघायचा.

एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, “वर्ध्याले चला. दोघींची गाडी घ्याची हाय.”

“दोघींची?”

“दोन लेकरं बसतात अशी बाबागाडी. माह्या पोरींले कोणाच्या कडेची गरज नाई.”

फाटकातून गाडी जाईल का, ही त्याची पहिली शंका. आमच्या लोखंडी फाटकाला दोन झडपा, पण एकच उघडते. दुसरीला आतून पराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग टेकलेला असतो, चुलीसाठी रचलेला. मी उघड्या झडपेची रुंदी ओढणीनं मोजली, तिथं गाठ मारली आणि तीच ओढणी घेऊन दुकानात गेले.

दुकानात तशा दोनच गाड्या होत्या. एकीत जागा मागे-पुढे, दुसरीत शेजारी-शेजारी. दुकानदारानं मागे-पुढेवाली पुढं ढकलली.

“ताई, हेच न्या. गल्लीबोळातून आरामात निघते. लहान समोर, मोठी मागं. सगळे हेच नेतात.”

मी मोठीला मागच्या जागेत बसवलं. मग समोरच्या जागेच्या पाठीला तिनं तळहात लावला.

“आई, मले दिसत नाई.”

बस. तिला समोर पाठच दिसणार असेल, तर आजीची पाठ काय वाईट होती? मी म्हटलं, शेजारी-शेजारीवाली द्या. नवऱ्यानं ओढणी ताणून लावली. गाडी गाठीच्या चांगली वीतभर बाहेर गेली.

“जात नाई फाटकातून,” तो म्हणाला. “आता बोल.”

“दुसरी झडप उघडा.”

“आईच्या पराट्या हायेत तिथं.”

“पराट्या हायेत, पहाड नाई.”

दुकानदार दुसरीकडे बघून हसला. गाडी आम्ही घेतली.

घरी आल्यावर नवऱ्यानं पराट्या उचलून भिंतीकडे रचायला घेतल्या. सासूबाई नातवाला कडेवर घेऊन ओट्यावर उभ्या राहिल्या. “आमच्या लेकराईले कोण्या गाड्या होत्या वो? तरी चालाले शिकलेच ना,” एवढंच बोलल्या. कितीतरी वर्षं बंद असलेली झडप करकरत उघडली आणि मी दोघींना शेजारी-शेजारी बसवून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी काढली. शेजारच्या बाया दारात आल्या. मी मुद्दाम सावकाश चालले. जाऊ शेंगदाणे सोलायचं विसरली होती.

आणि मग नातवानं भोकाड पसरलं. त्याला गाडीत बसायचं होतं. तो आजीच्या कडेवरून खाली वाकून गाडीचा दांडा ओढायला लागला. खरं सांगते, इतकं गोड रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“बसव ना त्याले थोडं,” सासूबाई म्हणाल्या.

“तिथं त्याच्या बहिणी हायेत.”

“भाषणं त मोठे देतं तू, सगळे लेकरं सारखे म्हून. आता कुठं गेलं ते?”

मोठी आपणहून गाडीतून उतरली. ज्या जागेसाठी मी ओढणीला गाठ मारली, पराट्या हलवल्या, ती जागा तिनं मागे वळून न बघता सोडली. सासूबाईंनी नातवाला तिथं ठेवलं. त्या सरळ उभ्या राहतात तोच मोठी त्यांच्यासमोर दोन्ही हात वर करून उभी.

“आजी, मले घे.”

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पाय देले ना देवानं, हे त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण कड रिकामी होती आणि सगळी गल्ली बघत होती. त्या वाकल्या.

“मोठी जड झाली वो हे,” त्या म्हणाल्या आणि रोजच्या वाटेनं चालू लागल्या.

मोठीनं आजीच्या खांद्यावर गाल टेकला, डोळे मिटले. मी मागून गाडी ढकलत होते. गाडीत एका बाजूला माझी तान्ही, दुसऱ्या बाजूला जावेचा मुलगा, आणि जाऊ अजूनही मोकळ्या हातांनी चालत होती. मला हवं होतं तेच झालं होतं. तरी जळणं थांबलं नाही. आता मला सासूबाईंचा हेवा वाटत होता. तान्ही झाल्यापासून माझ्या खांद्यावर मोठी अशी कधी टेकलीच नव्हती. माझ्या खांद्यावर जागाच नव्हती.

मावशींच्या घरापर्यंत तिला कोणी खाली ठेवलं नाही. परतताना नातू पुन्हा कडेवर गेला. मोठी गाडीत बसली, आपल्या जागेवर, बहिणीच्या शेजारी.

बाबांची पत्रकं शेवटी वाचणाऱ्याला काम सांगायची. मीही सांगते. कोणाकडे बाळ बघायला जाल तेव्हा झबलं-टोपडं खाली ठेवा, पाळण्याकडे लगेच जाऊ नका. दाराआड जे मोठं लेकरू उभं असेल, त्याला आधी उचला. आणि ते स्वतः उतरायला मागेपर्यंत खाली ठेवू नका.